टेम्पोरल लॉजिक: आधी दोनच प्रोसेस

स्पिन, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं मॉडेल सगळ्या शक्य क्रमांनी तपासणारं साधन, शिकताना सगळी सिस्टिम एकदम मांडू नकोस. गडकरी रंगायतनच्या दोन तिकीट खिडक्या घे, प्रत्येकी एक तिकीट विकणाऱ्या (याच आपल्या दोन प्रोसेस), आणि 'विकलेली' हे दोघींचं सामायिक व्हेरिएबल. शेवटी आकडा २ हवा.

पहिला घोळ इथेच होतो. प्रोमेलात, म्हणजे स्पिनचं मॉडेल लिहायच्या भाषेत, 'विकलेली = विकलेली + १' ही ओळ एकाच अविभाज्य पावलात चालते; खऱ्या कोडमध्ये वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. म्हणून आधी 'तात्पुरती = विकलेली', मग 'विकलेली = तात्पुरती + १' असं दोन ओळींत फोड. आता दोघी ० वाचतात, दोघी १ लिहितात, एक विक्री गायब! न फोडता तपासलंस तर मॉडेल बिनचूक दिसेल आणि कोड चुकीचाच राहील.

पुढे टेम्पोरल लॉजिकचं, म्हणजे काळाबद्दल बोलणारं सूत्र: □(रांगेत → ◇तिकीट), म्हणजे 'नेहमीच, रांगेत आलं तर कधीतरी तिकीट मिळतं'. एका प्रोसेसला पाळीच न देणारं प्रतिउदाहरण आलं, तर तपासताना '-एफ' हा पर्याय लावून वीक फेअरनेस चालू कर, म्हणजे सतत पुढे जाऊ शकणाऱ्या प्रोसेसला कधीतरी पाळी मिळेलच. पण विक्री गायब होऊ नये म्हणून एका वेळी एकीलाच आकडा बदलू देणारं कुलूप लावलंस आणि ते दुसरीच खिडकी पुन्हा पुन्हा पटकावत असेल, तर वीक फेअरनेस पुरणार नाही. कुलपालाच रांग हवी.

सूत्र खरं ठरलं तरी लगेच विश्वास ठेवू नकोस. कुणी रांगेत आलंच नाही, तरी ते खरंच ठरतं. □¬रांगेत, म्हणजे 'कुणीच कधी रांगेत नसतं', तपास, ते खोटं निघायलाच हवं.