सूत्र असलेले शब्दकोडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दैनिकातील ज्या शब्दकोड्यात तीन-चार मोठी उत्तरे एकाच सूत्राने बांधलेली असतात, त्या कोड्यांविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : साधे कोडे मी पहिल्या आडव्या शब्दापासून क्रमाने सोडवते. सूत्र असलेल्या कोड्यातही तसेच करावे, की आधी मोठ्या उत्तरांना हात घालावा?

उत्तर : दोन्ही नको. कोड्याचे शीर्षक आणि मोठ्या उत्तरांचे संकेत एकदा शांतपणे वाचावेत आणि तिथे काहीही न लिहिता छोट्या शब्दांकडे वळावे. मोठ्या उत्तरांचे संकेत अनेकदा मुद्दाम मोघम ठेवलेले असतात, कारण सूत्र उलगडल्यावरच ते नेमके वाटावेत अशी कोडेकाराची योजना असते. त्यांच्याशी सुरुवातीलाच झुंजत बसण्यात वेळ जातो आणि चुकीचा शब्द एकदा चौकटीत बसला, की तो आजूबाजूच्या पाच-सहा शब्दांनाही बिघडवतो.

सुरुवात जिथे दुमत होऊ शकत नाही तिथून करावी. 'नाचता येईना ___ वाकडे (३)' या संकेताला 'अंगण' याखेरीज दुसरे उत्तर नाही, म्हणून गाळलेल्या जागा आधी भराव्यात. त्यानंतर व्याकरणाची मदत घ्यावी, कारण मराठीत ती इतर अनेक भाषांपेक्षा जास्त मिळते. चांगल्या कोड्यात संकेत आणि उत्तर यांचे लिंग, वचन आणि रूप जुळलेच पाहिजे, हा अलिखित करार असतो. 'थकलेली (४)' असा संकेत असेल, तर 'दमलेली' सुचण्याआधीच शेवटच्या चौकोनात 'ली' हे अक्षर पेन्सिलीने फिकट लिहून ठेवता येते, आणि 'लपवणे (४)' असा असेल तर 'दडवणे' आठवेपर्यंत 'णे' तरी पदरात पडलेला असतो. अशी शेवटची अक्षरे चौकटभर आधी पेरली, तर त्यांना छेदणारे शब्द आश्चर्य वाटावे इतक्या लवकर उलगडतात आणि तोपर्यंत मोठ्या उत्तरांत निम्मी अक्षरे आपोआप आलेली असतात.

प्रश्न : मी कोडे पूर्ण भरतो, पण त्याचे सूत्र काय होते ते मला दुसऱ्या दिवशी उत्तरे वाचूनच कळते. सूत्र ओळखण्याची काही पद्धत आहे का? आणि कोडे तसेही सुटत असेल, तर ते ओळखण्याचा उपयोग तरी काय?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच दडलेले आहे, म्हणून एक उदाहरण रचून सविस्तर सांगतो.

कोड्याचे शीर्षक 'अंगभूत' आहे, असे समजा. चार मोठ्या उत्तरांपैकी दोन आपल्याला मिळाली आहेत : 'प्रवासी आकाशात झेप घेण्यापूर्वी इथे थांबतात (५)' याचे 'विमानतळ' आणि 'माल विकायला बसलेला (५)' याचे 'दुकानदार'. इथे बहुतेक जण अर्थाच्या मागे लागतात. विमानतळ आणि दुकानदार यांचा संबंध काय, प्रवास, व्यापार की खरेदी, असा विचार सुरू होतो आणि तिथेच वाट चुकते. अर्थाने काही जुळत नसेल, तर सूत्र अक्षरांत आहे असे समजून उत्तर एकेका चौकोनाने, अर्थ बाजूला ठेवून वाचावे. वि-मा-न-त-ळ. दु-का-न-दा-र. आता शीर्षकाकडे परत यावे. 'अंगभूत' म्हणजे मुळातच असलेले, हा अर्थ सोडून त्यातले नुसते 'अंग' पाहिले, की पहिल्या उत्तरातली 'मान' आणि दुसऱ्यातला 'कान' एकदम डोळ्यांत भरतात. दोन्ही शब्दांत ते अवयव दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनात आहेत, ही गोष्टही नजरेतून सुटू देऊ नये, कारण काळजीने रचलेल्या कोड्यात अशी शिस्त योगायोगाने येत नाही.

आता तिसरे उत्तर घेऊ. 'मोठा जमाव (६)' असा संकेत आहे आणि उभ्या शब्दांमुळे शेवटची तीन अक्षरे 'मुदाय' अशी आलेली आहेत. तिथे 'लोकसमुदाय' बसते आणि 'जनसमुदाय'ही बसते. अर्थ एकच, अक्षरसंख्या एकच, तिसरे अक्षरही एकच. उभे शब्द सुटत नसतील, तर संकेताच्या बळावर यांतला एक शब्द निवडण्याचा कोणताही मार्ग नाही. पण सूत्र हाती असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनात 'कस' येऊन चालणार नाही, तिथे 'नस' हवी, म्हणून उत्तर 'जनसमुदाय'. सूत्राचा खरा उपयोग हा आहे : अर्थाने जिथे दोन उत्तरे बरोबर ठरतात, तिथे न्यायनिवाडा सूत्र करते. चौथे उत्तर, 'अडचण दूर व्हावी म्हणून आखलेली कामे (६)', आता संकेत वाचता वाचताच 'पाय' शोधत 'उपाययोजना'पाशी पोहोचते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की, दोन उत्तरांवरून सूत्राचा तर्क करावा आणि तिसऱ्यावर तो पडताळून पाहावा. एका उत्तरावरून केलेला तर्क जवळजवळ नेहमी फसवतो. वरच्याच कोड्यात 'उगाचच (५)' याचे 'विनाकारण' हे उत्तर असेल, तर घाईने वाचणाऱ्याला त्यातही 'नाक' दिसेल आणि हे पाचवे सूत्र-उत्तर असे तो मानेल. प्रत्यक्षात तिथले चौकोन 'ना' आणि 'का' असे आहेत. मराठी कोड्यात मात्रा अक्षरापासून वेगळी काढता येत नाही, म्हणून 'नाका' मिळतो, नाक मिळत नाही.

प्रश्न : आडव्या उत्तरात 'कविता' बसते आणि तिच्यातल्या मधल्या चौकोनात संपणाऱ्या उभ्या उत्तरात 'कवी'. त्या चौकोनात 'वि' लिहावा की 'वी'?

उत्तर : यांपैकी एक उत्तर चुकलेले आहे, आणि कोणते ते संकेत पुन्हा न वाचताही सांगता येते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात. संस्कृतातून आलेला 'कवि'ही मराठीत स्वतंत्रपणे 'कवी' असाच लिहायचा असतो. म्हणजे ज्या चौकोनात उभा शब्द संपतो, तिथे ऱ्हस्व 'वि' येण्याची शक्यता जवळजवळ नाही, मग तो उभा शब्द 'कवी' असो वा दुसरा कोणताही. खोडायची ती 'कविता'. अपवाद थोडे आहेत आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत : 'आणि', 'नि', तसेच 'परंतु', 'तथापि' यांसारखी अव्यये ऱ्हस्वान्त लिहिली जातात, आणि कोडेकारांना ती चौकट जुळवायला फार सोयीची पडतात.

उपान्त्य अक्षराचा नियमही असाच उपयोगी आहे. 'तीळ', 'फूल', 'गरीब' यांसारख्या अकारान्त मराठी शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते, म्हणून 'माहिती'च्या 'ती'वर 'तीळ' बिनदिक्कत छेदू शकतो, पण 'तिळाचा' छेदू शकत नाही. 'गुण', 'विष' असे तत्सम शब्द या नियमात येत नाहीत. ज्या कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मानलेला नसेल, तिथे कोडेकाराने तसे चौकटीखाली छापलेच पाहिजे. न सांगता घेतलेली अशी सूट मला अन्यायाची वाटते, कारण शुद्ध लिहिणाऱ्यालाच तिची शिक्षा होते.

प्रश्न : काही संकेतांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते. ती छपाईची चूक असते का?

उत्तर : नाही. संकेताचा सरळ अर्थ घेऊ नये, त्यात शब्दांचा खेळ आहे, असे ते चिन्ह सांगते. 'पानोपानी फिरणारा? (३)' या संकेताचे उत्तर 'वाचक' असू शकते. सूत्र शब्दखेळाचे असेल तर मोठ्या उत्तरांच्या संकेतांना हे चिन्ह बहुधा असते, त्यामुळे सूत्र-उत्तरे कोणती हे ओळखायलाही ते कामी येते.

प्रश्न : इंग्रजी कोड्यांत कधी कधी एका चौकोनात एकाहून अधिक अक्षरे लिहावी लागतात, असे ऐकले. हे नियमात बसते का? आणि अशा सूत्रांची सुरुवात कुठे झाली?

उत्तर : आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत छापले. त्याची चौकट हिऱ्याच्या आकाराची होती. सूत्राच्या शिस्तीसाठी मात्र आज सर्वाधिक नाव घेतले जाते ते 'न्यू यॉर्क टाइम्स'चे. त्या दैनिकाने १९४२ मध्ये रविवारचे कोडे सुरू केले, १९५० मध्ये ते रोजचे झाले आणि मार्गारेट फेरार या त्याच्या पहिल्या संपादक होत्या. तिथे सोमवारचे कोडे सर्वांत सोपे असते आणि शनिवारपर्यंत काठिण्य वाढत जाते, सूत्राच्या खोड्या बहुधा गुरुवारी असतात, तर शुक्रवार-शनिवारच्या कोड्यांना सहसा सूत्र नसते.

एका चौकोनात अनेक अक्षरे बसवणे हीदेखील एक मान्य खोडी आहे, मात्र ती सूत्रामुळे आवश्यक ठरली पाहिजे आणि आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत लागू पडली पाहिजे. शंका कधी घ्यावी, तर अर्थाने खात्रीचे असलेले उत्तर चौकोनांत मावत नाही आणि त्याच जागी छेदणारा शब्दही अडतो तेव्हा. मराठी कोड्यात संकेतापुढे अक्षरसंख्या दिलेली असते, त्यामुळे कंसातला आकडा चौकोनांपेक्षा मोठा दिसला तर तीच खूण समजावी. आपल्याकडे जोडाक्षर मुळातच एका चौकोनात बसते, म्हणून या खोडीची गरज कमी पडते.

सूत्राची मजल कुठवर जाऊ शकते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण ५ नोव्हेंबर १९९६ चे आहे. अमेरिकेत त्या दिवशी अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये जेरेमाया फॅरेल यांचे कोडे होते. मधल्या ओळीचा संकेत उद्याच्या वृत्तपत्रातील मुख्य बातमीविषयी होता, आणि तिथे विजयी उमेदवाराचे नाव 'क्लिंटन' लिहिले तरी चालत होते, 'बॉब डोल' लिहिले तरी चालत होते. इंग्रजीत दोन्ही सात अक्षरी आहेत, आणि त्यांना छेदणाऱ्या सातही उभ्या शब्दांचे संकेत दोन-दोन उत्तरांना लागू पडतील असे लिहिलेले होते. पहिल्याच उभ्या शब्दाचा संकेत होता हॅलोवीनचा काळा प्राणी : 'कॅट' लिहा, पहिले अक्षर क्लिंटनचे मिळते, 'बॅट' लिहा, ते बॉबचे मिळते. मतमोजणीच्या आधीच छापलेले ते कोडे कोणीही जिंकले तरी बरोबर ठरणार होते. त्या दिवशी प्रत्येक सोडवणाऱ्याला आपण भरलेला विजेता हाच एकमेव वाटला असणार, आणि ही किमया केवळ सात छोट्या संकेतांच्या नेमक्या शब्दयोजनेवर उभी आहे. मोठ्या उत्तरांइतकेच लक्ष छोट्या संकेतांकडे द्यावे असे मी म्हणतो, ते यासाठी.

प्रश्न : अडल्यावर शब्दकोश किंवा मोबाइल पाहणे चुकीचे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. कोडे ही परीक्षा नव्हे. मात्र काय शोधावे याचा विवेक ठेवावा. दोन अपरिचित विशेषनामे एकमेकांना छेदत असतील तर तो चौकोन तर्काने सुटत नाही, तिथे खुशाल शोधावे, दोष कोडेकाराचा आहे. सूत्र-उत्तर मात्र कधीही शोधू नये. त्याचा आनंद फक्त एकदाच मिळतो. त्याऐवजी त्याला छेदणारा एखादा छोटा शब्द शोधून पाहावा. बहुधा तेवढ्यावर अडलेली बाजू मोकळी होते.

प्रश्न : मला स्वतः सूत्र असलेले कोडे रचायचे आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : सूत्र-उत्तरांपासून. रिकाम्या चौकटीत आधी छोटे शब्द भरत गेल्यास मोठ्या उत्तरांना जागा उरत नाही. चौकट अर्ध्या फेऱ्याने फिरवली तरी काळे चौकोन जिथल्या तिथे दिसावेत, हा सममितीचा संकेत पाळायचा असेल, तर सूत्र-उत्तरे सारख्या अक्षरसंख्येच्या जोड्यांत लागतात. वरच्या उदाहरणातील दोन उत्तरे पाच अक्षरी आणि दोन सहा अक्षरी आहेत, ती याच कारणाने. आपल्या सूत्रात बसणारे दहा-बारा शब्द आधी जमवावेत आणि त्यांतून जोड्या लावाव्यात. सूत्राच्या नियमाला एकही अपवाद ठेवू नये : चार अवयव लपलेले आणि पाचवा उघडा, असे झाले की सोडवणाऱ्याचा विश्वास उडतो. संकेत सर्वांत शेवटी लिहावेत, आणि त्यांत सूत्र फोडणारा शब्द नकळत शिरला नाही ना, हे तपासावे. 'उपाययोजना'साठी 'संकटकाळात उचललेली पावले' हा संकेत अर्थाने उत्तम आहे, पण 'अंगभूत' या कोड्यात तो वापरता येणार नाही. छापायला देण्याआधी ज्याला सूत्र ठाऊक नाही अशा एखाद्याकडून ते सोडवून घ्यावे, आणि तो अडला तरी मध्ये काही सांगू नये. तो कोणत्या चौकोनापाशी थांबला, ते लिहून घेऊन त्याभोवतीचे संकेत बदलावेत.