वाचक विचारतात : नॅसकारचे प्रक्षेपण पारखायचे कसे?

नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती. बाजारातल्या मोटारीसारखे अंग, आत व्ही-८ इंजिन आणि बहुतेक शर्यती लंबगोल ट्रॅकवर. या शर्यतींच्या टीव्ही प्रक्षेपणाबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : महाविद्यालयाच्या नियतकालिकात मी नॅसकारवर मराठीत लिहितो. शर्यतीचा वृत्तांत जमतो. प्रक्षेपण कसे होते हे लिहायला घेतले की मात्र ‘छान होते’, ‘जाहिराती फार होत्या’ यापुढे काही सुचत नाही. पद्धतशीर परीक्षण कसे करावे? — एक विद्यार्थी, अमळनेर

प्रक्षेपणाला एकच प्रश्न विचारा : घरी बसलेल्या माणसाला शर्यत कळली का? कोण पुढे गेला, कुठे गेला आणि कशामुळे गेला, हे पडद्यावरून समजले पाहिजे. समालोचकाचा उत्साह आणि आकर्षक ग्राफिक्स यांचा विचार त्यानंतर.

यासाठी वही लागेल. ती आडवी धरून सहा रकाने आखा : घड्याळ, फेरी, झेंडा, चित्र, बोलणे, राहिलेले. झेंड्याच्या रकान्यात हिरवा (शर्यत चालू) किंवा पिवळा (अपघात वगैरेमुळे गाड्या हळू, ओलांडणे बंद) एवढेच लिहा. चित्राच्या रकान्यात कॅमेरा कुठला होता ते येईल : उंचावरचा, वळणावरचा, गाडीतला की पिटमधला (पिट म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाड्या थांबतात ती जागा). शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच कोरा राहतो. जे दाखवलेच नाही ते कळणार कसे? त्यासाठी पडद्याच्या कडेला चालणाऱ्या क्रमवारीचा उपयोग करा. दर १० फेऱ्यांनी पहिल्या १५ गाड्यांचे क्रमांक उतरवून घ्या. चौदावा ड्रायव्हर सहावा झाला आणि त्याची एकही चाल दिसली नाही, समालोचकानेही नाव घेतले नाही, तर ती नोंद ‘राहिलेले’मध्ये करा.

इथे एक काळजी घ्यावी लागते. हिरव्या झेंड्याखाली गाड्या टप्प्याटप्प्याने पिटमध्ये जातात तेव्हा क्रमवारी उलटीपालटी होते. न थांबलेला बाविसावा ड्रायव्हर अचानक पहिला दिसतो. तो खरोखर पुढे गेलेला नसतो. सगळे एकदा थांबून होईपर्यंत उतरवलेले आकडे तुलनेत घेऊ नका. मात्र कोण थांबला आणि कोण बाकी आहे याची खूण क्रमवारीत होती का, हे जरूर लिहा. ती नसेल तर त्या वेळी नव्या प्रेक्षकाला शर्यतीचा काहीच पत्ता लागत नाही.

पिवळा झेंडा पडला की जास्त लक्ष द्या, कारण चांगले आणि वाईट प्रक्षेपण इथे वेगळे दिसते. झेंडा कशामुळे पडला हे चित्रातून दाखवले का? ट्रॅकवर कचरा पडल्याचे सांगितले असेल तर तो कचरा दिसला का? पिटमध्ये कोणी दोन टायर बदलले, कोणी चार आणि कोण थांबलाच नाही? फ्री पास कोणाला मिळाला? एका फेरीने मागे असलेल्यांपैकी सगळ्यांत पुढच्या गाडीला गेलेली फेरी परत देण्याचा हा नियम २००३ पासून आहे, आणि त्याच्या जोरावर मागे पडलेला माणूस पुन्हा जिंकायच्या शर्यतीत येतो. शर्यत पुन्हा सुटण्याआधी एवढे कळायलाच हवे. न थांबलेले पुढे आणि नवे टायर घेतलेले मागे, अशी मांडणी झाली असेल तर पुढच्या दहा फेऱ्यांची सगळी गंमत त्यातच असते. ती आधी न सांगता नंतर ‘बघा, कसा झपाट्याने पुढे आला’ म्हणणे हे कच्चे काम.

शेवटी चित्रमुद्रित शर्यतीचा अखेरचा टप्पा आवाज बंद करून पुन्हा पाहा. नुसत्या चित्रावरून शर्यत कळली तर दिग्दर्शक चांगला. कळली नाही, तर समालोचक दिग्दर्शकाची उणीव भरून काढत होता. परीक्षणात ही दोन कामे वेगवेगळी लिहा.

प्रश्न : जाहिराती मिनिटांत मोजाव्यात की फेऱ्यांत? — एक वाचक, चाळीसगाव

हिरव्या झेंड्याखाली गेलेल्या मिनिटांत मोजा. फेऱ्यांनी फसायला होते. फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवर गाड्या घोळक्यात असताना एक फेरी सुमारे ४८ सेकंदांची असते, म्हणजे ३ मिनिटांच्या जाहिरातीत चारेक फेऱ्या जातात. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम ०.५२६ मैलांचा. तिथे फेरी २० सेकंदांच्या आसपास, म्हणून तेवढ्याच वेळात नऊ फेऱ्या निसटतात. ब्रिस्टलला अकरा. नुकसान सारखेच, पण फेऱ्यांचे आकडे लिहिले तर छोट्या ट्रॅकचे प्रक्षेपण उगाच वाईट ठरते. तेव्हा हिरव्या झेंड्याचा एकूण वेळ काढा, त्यातला जाहिरातींचा वेळ वेगळा काढा आणि टक्केवारी लिहा.

जाहिरात सुरू असताना बाजूच्या छोट्या चौकटीत शर्यत दिसत राहिली, तर तो वेळ वेगळ्या ओळीत ठेवा. चित्र असते, पण समालोचन नसते, त्यामुळे त्याला पूर्ण प्रक्षेपणही म्हणता येत नाही आणि पूर्ण जाहिरातही नाही. २०१७ पासून शर्यती टप्प्यांत विभागल्या आहेत. डेटोना ५०० च्या २०० फेऱ्यांत ६५ आणि १३० व्या फेरीला टप्पा संपून पिवळा झेंडा पडतो. हा थांबा आधीच ठाऊक असतो. तो असूनही ६० व्या फेरीला जाहिरात लावली, तर तसे स्पष्ट लिहा.

प्रश्न : डेटोनाच्या शर्यतीत मधल्या शंभर फेऱ्या सगळे तीन-तीनच्या ओळीत नुसते फिरत होते. कोणी कोणाला ओलांडेना. शर्यतच कंटाळवाणी होती, की दाखवताना कंटाळवाणी केली? — एक वाचक, धुळे

बहुधा दाखवताना केली. त्या फेऱ्यांत ड्रायव्हर पेट्रोल वाचवत होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

डेटोना अडीच मैलांचा ट्रॅक आहे, वळणांना ३१ अंशांचा उतार. अशा ट्रॅकवर पुढची गाडी हवा कापते, मागचीला कमी जोर लावावा लागतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात. घोळक्यातला ड्रायव्हर अर्धा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) देऊनही वेग टिकवतो. वाचवलेल्या पेट्रोलचा फायदा पिटमध्ये मिळतो. नॅसकारमध्ये पेट्रोल दाबाच्या नळीने भरत नाहीत, हाताने उचललेल्या कॅनमधून आपल्या भाराने उतरते. २०२२ पासूनच्या गाडीला चाकाचे पाच नट जाऊन मध्ये एकच नट आला, त्यामुळे टायर पूर्वीपेक्षा लवकर बदलतात. अशा ट्रॅकवर थांबा किती सेकंदांचा होणार हे आता मुख्यतः पेट्रोल ठरवते. ज्याला कमी भरायचे आहे तो आधी बाहेर पडतो, आणि ओलांडणे इतके अवघड असलेल्या घोळक्यात पुढची जागा आयती मिळवतो. म्हणजे त्या शंभर फेऱ्यांत शर्यत चाललीच होती, ती उजव्या पायाखाली चालली होती.

चांगल्या प्रक्षेपणाला हे दाखवता येते. गाड्यांमधून थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंगची माहिती येत असते. पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा थ्रॉटल आणि आठव्या गाडीचा थ्रॉटल शेजारी ठेवला की प्रेक्षकाला अर्धी गोष्ट समजते. उरलेली अर्धी रेडिओवरून : ड्रायव्हर, त्याच्या संघाचा प्रमुख म्हणजे क्रू चीफ आणि प्रेक्षागृहाच्या छतावरून इशारे देणारा स्पॉटर यांचे बोलणे. ‘अजून वाचव’ असे क्रू चीफ सांगताना ऐकू आले, तर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. थांब्यानंतर कोणी किती सेकंद पेट्रोल भरले याचा तक्ता दाखवला, तर हिशेब पुरा होतो. तुम्ही पाहिलेल्या शर्यतीत यातले काय होते ते तपासा. तिन्ही नसतील तर दोष प्रक्षेपणाचा. तिन्ही असूनही कंटाळा आला, तर तो त्या गाडीचा आणि नियमांचा प्रश्न, आणि तसे लिहायला हरकत नाही.

लेन्सचाही यात वाटा असतो. लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरून घेतलेल्या चित्रात अंतर दाबले जाते. दोन-तीन गाड्यांएवढी जागा मध्ये असली तरी बंपरला बंपर चिकटल्यासारखे दिसते. उंचावरच्या रुंद चित्रात ओळी आणि अंतरे खरी दिसतात, पण वेग मरतो. भिंतीजवळच्या खालच्या कॅमेऱ्यात नुसता वेग असतो, क्रम कळत नाही. दिग्दर्शक शंभर फेऱ्या लांब लेन्सवरच राहिला, तर ओळी कशा हलतात हे समजण्याची सोय उरत नाही.

प्रश्न : समालोचकांत जुने ड्रायव्हर असतात. ते आपल्या माणसांची बाजू घेतात असे वाटते. हे दोषात धरावे का? — एक वाचक, जळगाव

नाते असणे हा दोष नाही. नाते प्रेक्षकाला न सांगणे हा दोष. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये फॉक्स वाहिनीवर समालोचन करणारा डॅरेल वॉल्ट्रिप आपला भाऊ मायकेल जिंकताना पाहत होता. सगळ्यांना ते माहीत होते, त्यामुळे त्याच्या आनंदाने कोणाची फसवणूक झाली नाही. त्याच शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. विजय आणि अपघात एकाच वेळी समोर असताना कॅमेरा कुठे ठेवायचा, हा कोणत्याही दिग्दर्शकापुढचा सर्वात कठीण प्रश्न आहे.

हा प्रश्न कसा सोडवावा यासाठी १९७९ ची डेटोना ५०० पाहा. अमेरिकेत ५०० मैलांची शर्यत पहिल्या झेंड्यापासून शेवटच्यापर्यंत थेट दाखवली गेली ती पहिल्यांदा तेव्हा, सीबीएस वाहिनीवर, केन स्क्वायरच्या समालोचनासह. शेवटच्या फेरीत पहिले दोघे, केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन, एकमेकांवर आदळून बाहेर गेले. बराच मागे असलेला रिचर्ड पेटी जिंकला. प्रक्षेपणाने आधी पेटीचा विजय पोचवला आणि मग यारबरो आणि अ‍ॅलिसन बंधू यांची मैदानातली हातघाई दाखवली. हा क्रम आजही मापदंड म्हणून वापरावा.

प्रश्न : थेट शर्यत आपल्याकडे किती वाजता लागते? आणि इंजिनाच्या आवाजात समालोचन ऐकूच येत नाही, त्यावर उपाय? — एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

काका, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, एरवी साडेदहा. फेब्रुवारीतली डेटोना ५०० तिथे रविवारी दुपारी अडीचला असेल तर आपल्याकडे सोमवारचा मध्यरात्रीनंतरचा एक वाजतो. मेमधली शार्लटची कोका-कोला ६०० संध्याकाळी सहाला सुटली तर आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. झोप मोडायची नसेल तर नॅसकारच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर पूर्ण शर्यती मिळतात. परीक्षण लिहिणाऱ्यांनी नुसत्या ठळक क्षणांच्या चित्रफितीवर भागवू नये, त्यात प्रक्षेपणाच्या चुका आधीच कापलेल्या असतात.

समालोचन बुडते ते बहुधा टीव्हीच्या सेटिंगमुळे. कार्यक्रम सहा वाहिन्यांच्या आवाजात येत असेल तर बोलणे मधल्या स्पीकरसाठी असते, आणि तो आपल्या टीव्हीला नसतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा, ‘सराउंड’ बंद करा, ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर चालू करा. यूट्यूबवर चित्र ७२० च्या खाली नेऊ नका. ४८० ला सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम मिळतात आणि गाड्या उड्या मारत जाताना दिसतात. तो दोष मग प्रक्षेपणाच्या माथी मारला जातो.

प्रश्न : ०.००१ सेकंदाने शर्यत जिंकली असे वाचले. टीव्हीवर हे दिसणे शक्य आहे का? — एक शिक्षिका, शहादा

नाही, ताई. मे २०२४ मध्ये कॅन्ससला काइल लार्सनने क्रिस बुशरला तेवढ्या फरकाने हरवले. ताशी २९० किलोमीटर वेगाला गाडी ०.००१ सेकंदात सुमारे ८ सेंटिमीटर सरकते. टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रे धरली तर दोन चित्रांमध्ये गाडी १ मीटर ३४ सेंटिमीटर गेलेली असते. त्यामुळे निकाल शेवटच्या रेषेवरच्या अतिवेगवान कॅमेऱ्याच्या छायाचित्रावर ठरतो. प्रक्षेपणाकडून अपेक्षा एवढीच : ते छायाचित्र लवकर दाखवावे आणि तोवर समालोचकाने विजेता जाहीर करू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत दोन जोड्या शेजारी सुटतात. मी मोबाइलवर थेट दाखवतो. शेवटच्या रेषेवरून दरवर्षी वाद होतो. काय करावे? — एक तरुण, पारोळा तालुका

भाऊ, थेट दाखवण्याचा मोबाइल आणि निकालाचा मोबाइल वेगळे ठेवा. निकालाचा मोबाइल रेषेच्या अगदी सरळ रेषेत, पटाच्या बाहेर तिपाईवर पक्का बसवा, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. रेषेच्या दोन्ही टोकांना एकेक खांब रोवा आणि पडद्यात पुढचा खांब मागच्यावर तंतोतंत बसेपर्यंत तिपाई सरकवा. तिरका बसला की जवळची किंवा लांबची जोडी उगाच पुढे दिसते आणि वाद तिथेच पेटतो.

ताशी ४० किलोमीटर वेगाला जोडी सेकंदाला ११ मीटर जाते. ३० फ्रेमवर दोन चित्रांत ३७ सेंटिमीटरचे अंतर पडते, २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर साडेचार सेंटिमीटरचे. म्हणून २४० निवडा, निदान १२०. फोकस आणि उजेड रेषेवर बोट दाबून लॉक करा, नाहीतर धुरळा उठला की मोबाइल धुरळ्यावर फोकस धरतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. स्लो मोशनच्या फाइली मोठ्या असतात, दर फेरीनंतर जागा किती उरली ते पाहा आणि पॉवर बँक जोडून ठेवा.

रेषा कशाने ओलांडली म्हणायचे, बैलाच्या नाकाने की जुवाने, हे पंचांकडून शर्यतीआधी भोंग्यावर जाहीर करून घ्या. धावपट्टीच्या टोकाला समोर उभे राहून चित्रण करू नका. सुटलेली जोडी रेषेवर थांबत नाही.