जेनेरिक सर्व्हिस जरूर लिही, पण हिशोबपट्टीला डिलीट देऊ नकोस

अगं,

काल रात्री तुझा टाइपस्क्रिप्टमधला (जावास्क्रिप्टवर टाइपची तपासणी चढवणारी भाषा) कोड निवांत वाचला. शेतकरी, आवक, लिलाव, हिशोबपट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा लेखी हिशोब) सगळ्यांसाठी तू एकच जेनेरिक बेस सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा सामाईक कोड, लिहिलीस, गेटऑल, गेटबायआयडी, क्रिएट, अपडेट, डिलीट सगळं त्यात, आणि बाकीच्या सर्व्हिसेस चार-चार ओळींच्या झाल्या. तुला किती बरं वाटलं असेल ते मला कळतं, कारण मलाही असंच वाटलं होतं. तेच तेच फेच, तेच ट्राय-कॅच परत परत लिहायचा कंटाळा येतो आणि तो यायलाच पाहिजे. पण दोन गोष्टी सांगतो, दोन्ही मला महाग पडल्यात.

पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी आम्ही असंच अ‍ॅप केलं होतं. लिलाव झाला की भरलेला ट्रॅक्टर काट्यावर, मग खळ्यावर माल खाली, मग रिकामा ट्रॅक्टर परत काट्यावर, फरक ते निव्वळ वजन. हे वजन आमच्या टाइपस्क्रिप्टच्या इंटरफेसमध्ये (डेटात काय असेल ते सांगणाऱ्या टाइपमध्ये) नंबर होतं. डेटाबेस पोस्टग्रेस, कॉलम न्यूमरिक, आणि सर्व्हरवर डेटाबेसशी बोलणारा नोडचा पीजी ड्रायव्हर न्यूमरिक मुद्दाम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून देतो, आकड्याची अचूकता जाऊ नये म्हणून. आम्ही जेनेरिक गेटऑलमध्ये जेसन (सर्व्हरकडून येणारा डेटा) आला की डोळे झाकून, 'हा आपण म्हणतो त्याच टाइपचा, म्हणजे टीचा, आहे' या अर्थाने 'अ‍ॅज टी' लिहिलेलं. एका ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याची पट्टी बरोबर यायची, कारण गुणाकारात जावास्क्रिप्ट स्ट्रिंगचा आपोआप नंबर करतं, म्हणून टेस्टिंगमध्ये काहीच दिसलं नाही. ज्या दिवशी एकाने दोन ट्रॅक्टर आणले, 24.35 क्विंटल आणि 18.60 क्विंटल, त्या दिवशी बेरजेच्या जागी स्क्रीनवर आलं 024.3518.60 आणि रकमेच्या जागी एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. तो माणूस रोख पैसे घेऊन घरी जाणार होता, तीन तास तिथेच बसून राहिला. टाइपस्क्रिप्टने एक लाल रेघ दाखवली नव्हती.

ती दाखवणारच नव्हती गं. टाइप फक्त कंपाइल होईपर्यंत असतात, ब्राउझरमध्ये जातं ते नुसतं जावास्क्रिप्ट, तिथे टी नावाचं काही उरतच नाही. तू वापरतेस त्या अँगलर फ्रेमवर्कच्या एचटीटीपी क्लायंटमध्ये गेटच्या पुढे तू जो टाइप देतेस, तोसुद्धा तो तपासत नाही, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणजे जेनेरिक सर्व्हिसमधला टी हा आपण दिलेला शब्द आहे, आणि तो सर्व्हर पाळतोय का हे बघायचं काम आपलंच. उपाय सोपा आहे: बेस सर्व्हिस बनवताना तिला यूआरएलसोबत एक पार्स (तपासून वाचणारं) फंक्शन द्यायला भाग पाड, जे अननोन ('काय आलंय माहीत नाही' असा टाइप) घेईल आणि टी देईल, नाहीतर तिथेच एरर फेकेल. अननोन 2018 पासून टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, 'काहीही चालेल' म्हणणाऱ्या एनीच्या जागी तोच वापर, तो तपासल्याशिवाय हात लावू देत नाही. हाताने लिहायचं नसेल तर झॉड ही लायब्ररी घे, स्कीमा (डेटाचा नियम) एकदाच लिहायची आणि टाइप त्यातूनच काढायचा, म्हणजे दोन ठिकाणी दोन खरं राहत नाहीत. तारखांचंही तेच, जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, स्ट्रिंगच येते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझ्या हिशोबपट्टी सर्व्हिसला डिलीट आहे. तू ते मागितलं नव्हतंस, बेस सर्व्हिसचा वारसा घेतला (एक्सटेंड केलं) म्हणून ते सोबत आलं. पण पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली की ती पुसायची नसते, हमाली-तोलाईत चूक झाली तर उलट नोंद टाकून दुरुस्ती करायची असते. तू डिलीट ओव्हरराइड करून आत एरर फेकलीयेस, पण कंपाइलरला ते कळत नाही, उद्या टीममधला नवा पोरगा टेबलवर डिलीटचं बटण ठेवेल आणि ते त्याला बिनचूक वाटेल. म्हणून वारसा देऊ नकोस, पोटात ठेव. म्हणजे जेनेरिक भाग एक साधा क्लास, तो हिशोबपट्टी सर्व्हिसच्या आत प्रायव्हेट, आणि बाहेर फक्त पट्टीला शोभतील तीच नावं: पट्टी बनवा, पट्टी बघा, दुरुस्ती नोंदवा. चार ओळींच्या जागी पंधरा होतील, होऊ देत. त्या पंधरा ओळी वाचून मार्केट यार्डातला माणूससुद्धा मान डोलावेल.

अपडेटलाही पार्शल टी (टीमधले कोणतेही भाग चालतील असा टाइप) दिलायस, त्यात आयडी पण बदलता येतो आणि लिलावात ठरलेला भाव पण. क्रिएटला आयडी काढून टाकलेला टाइप दे, ओमिट त्यासाठीच आहे, आणि अपडेटला काय बदलायची परवानगी आहे तेवढंच वेगळं लिही. टी एक्सटेंड्स आयडी असलेलं ऑब्जेक्ट एवढी अट पुरे. टाइप पॅरामीटर तीनच्या वर गेले की थांबायचं, आणि बेसमध्ये 'ही आवक असेल तर' असा इफ दिसला तर तो त्या दिवशीच त्या त्या सर्व्हिसमध्ये हलवायचा, भरलेल्या गाडीचं वजन रिकामीपेक्षा जास्त हवं हे आवकलाच माहीत असू दे.

मग जेनेरिकमध्ये ठेवायचं काय? टोकन लावणं, सर्व्हरकडून 401 (लॉगिन नाही) आला तर लॉगिनला पाठवणं, 409 ला (आधीच्या नोंदीशी टक्कर) नीट मेसेज, पार्सिंग, पेजिंग. आणि रीट्राय, म्हणजे फसलेली विनंती परत पाठवणं, पण जपून. दिंडोरीकडे पॅकहाऊसमध्ये रेंज येते-जाते, तिथे गेट (नुसतं वाचणं) दहा वेळा मारलं तरी बिघडत नाही, पोस्ट (नवी नोंद) दोनदा गेलं की एकाच द्राक्षाच्या गाडीच्या दोन पावत्या होतात. क्रिएटसोबत अ‍ॅपनेच बनवलेला एक युनिक नंबर पाठव आणि सर्व्हरला तो ओळखायला लाव, तोपर्यंत पोस्टला रीट्राय बंद.

आणि पुढच्या वेळी पहिल्या दोन-तीन सर्व्हिसेस हातानेच लिही, कॉपी-पेस्ट झाली तरी चालेल. त्यांच्यात खरंच सारखं काय आहे ते तेव्हाच दिसतं, आधी बेस लिहिला की आपण सगळ्यांना त्यात बसवत राहतो.

शनिवारी सातपूरला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, हिशोबपट्टीपासूनच सुरू करू. आणि सर्व्हरचा खरा जेसन सेव्ह करून आण, एक ट्रॅक्टरवाला आणि एक दोनवाला.

तुझा दादा