जिल्हा परिषदेच्या शाळेला साहित्य भेट दिलं तर मुलांना शिकायला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या दहावीच्या बॅचनं पन्नास हजार जमवलेत, गावच्या प्राथमिक शाळेला मोठा टीव्ही द्यायचं चाललंय, आणि त्यानं पोरांच्या शिकण्यात फरक पडेल का.

साहित्यानं फरक पडतो. टीव्हीनं पडेल असं मी लिहून देणार नाही. जुन्या तराजूनं पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय, आणि त्याच तराजूपायी आमच्या मुख्याध्यापकांचं नि माझं तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगते.

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाताना कळ्याच्या पुढं आत एक वाडी आहे. नाव सांगत नाही. चौथीपर्यंत शाळा, शिक्षक दोनच. मुख्याध्यापकांकडं पहिली-दुसरी, माझ्याकडं तिसरी-चौथी. २०१२ ची गोष्ट. लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा व्यापाऱ्यानं दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. जुना तराजू आणि किलोपासून ५० ग्रॅमपर्यंतची लोखंडी वजनं भंगारात निघाली होती. वजनांचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणीच्या शिक्क्याची मुदत, संपलेलं, त्यामुळं दुसऱ्या दुकानातही चालली नसती. माझं माहेर त्याच भागातलं, म्हणून मला विचारलं, "शाळेला नेतीस काय?" पोत्यात घालून एसटीनं नेलं. नारळ नाही, शाल नाही, फोटो नाही.

तिसरीच्या पोरांना 'एक किलो म्हणजे हजार ग्रॅम' झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. त्यातल्या एकाची आजी कळ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. ते पोरगं तराजूकडं बघत म्हणालं, "बाई, हजार ग्रॅम म्हंतासा, पर एक ग्रॅम हाय तरी केवढा?"

नोकरीला वीस वर्षं झाली होती माझ्या, आणि मला ते दाखवता येईना. वजनांत सगळ्यात धाकटं ५० ग्रॅमचं.

मग पोषण आहाराच्या कोठीतून वाटीभर हरभरे आणले. एका पारड्यात ५० ग्रॅम, दुसऱ्यात एकेक हरभरा टाकत गेलो. काटा मधे आल्यावर म्हटलं, मोजा आता. दहा-दहाचे ढीग घातले, दहा ढिगांचा एक मोठा ढीग. एका गटाचे २४७ आले, दुसऱ्याचे २५३, भांडणं झाली, पुन्हा मोजले. शेवटी अडीचशे धरायचे ठरले. चौथीतली एक पोरगी मागून म्हणाली, "म्हंजे पाच हरभरं म्हंजे एक ग्रॅम की." ते पोरगं त्या दिवशी पाच हरभरे मुठीत धरून सगळ्या वाडीला एक ग्रॅम दाखवत हिंडलं.

दशक, शतक, अंदाज, भागाकार, सगळं त्या एका दुपारी झालं. पाठ्यपुस्तकात याला चार वेगवेगळे धडे आहेत.

पुढं महिनाभर तराजू वर्गाच्या मधोमध होता. ८ + __ = १२ असं फळ्यावर लिहिलं की निम्मी पोरं २० लिहायची, कारण त्यांच्या लेखी 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'. एका पारड्यात आठ गोट्या, दुसऱ्यात बारा ठेवून विचारलं, समान करायला काय करू? त्यानंतर २० लिहिणारी दोनच उरली. (त्यातलं एक गैरहजर असायचं.) एका आजींनी घरातलं चिपटं, धान्य मोजायचं जुनं माप, आणून दिलं. चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर पोहे पारड्यात टाकले, तांदळाचं पारडं धाडकन खाली. माप तेच, वजन वेगळं. हे मी आधी किती वर्षं नुसतं तोंडानं सांगत होते कुणास ठाऊक.

आणि एका शुक्रवारी ५० ग्रॅमचं वजन हरवलं.

मुख्याध्यापकांनी तराजूची डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद केलेली होती. "केंद्रप्रमुखांनी मागितलं तर काय दाखवू? आणि पोषण आहाराचे हरभरे मोजायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तराजू कपाटात गेला, किल्ली त्यांच्या पँटच्या पट्ट्याला. वजनाची किंमत मी पदरची भरली, रीतसर पावती फाडून घेतली.

सोमवारी ते पोरगं वजन घेऊन हजर. आजी लसूण-मिरच्या द्यायला ५० ग्रॅमच्या जागी एक दगड वापरायची. तो दगड खरा की खोटा, हे बघायला यानं शाळेचं वजन बाजारात नेलं होतं. दगड जड निघाला. "बाई, आमची आजी गिऱ्हाइकास्नी जास्तच देत आलिया!" आजीनं दगड फोडून बारीक केला म्हणे.

हे मी कौतुकानं सांगायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "न विचारता नेलं ना? चोरी ती चोरीच." तराजू काही बाहेर आला नाही. तीन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हाही तो आतच होता, फडक्यात गुंडाळलेला.

कोल्हापुरात देणगीदाराचं भाषण शाहू महाराजांपासून सुरू होतं. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे प्रत्येक जण सांगतो. त्या कायद्यात दंडही होता, महिन्याला एक रुपया, पण तो पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला. पोरानं वस्तू हाताळली म्हणून दंड हे आमचं नंतरचं डोकं. साहित्य वापरलं की झिजणार, हरवणार, फुटणार. वर्षाअखेरीला ते नव्यासारखं राहिलं असेल तर देणगी वाया गेली, असं खुशाल समजा.

टीव्हीचं सांगते. पुढच्या शाळेत गावातल्या मंडळानं दिला होता. समारंभ झाला, पडद्याखाली मंडळाचं नाव रंगवलं, वर भरतकामाचं फडकं घातलं. आमच्याकडं जुलैत पाऊस लागला की वीज दोन-दोन दिवस येत नाही. पटावर तीसच्या आत पोरं असलेल्या शाळेला आता समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये मिळतं, खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यातच. बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण? गाणी लागली की पोरं गप्प बसतात, म्हणून टीव्ही मोठ्यांना आवडतो. पोरं गप्प बसली म्हणजे शिकली असं नव्हे. इंग्रजी उच्चार ऐकवायला उपयोग होतो, तेवढं मान्य.

तुमच्या पन्नास हजारांचं म्हणाल तर एकदम देऊच नका. दरवर्षी दहा द्या, पाच वर्षं द्या, आणि दरवर्षी जाऊन बघा काय संपलं. संपलं असेल तेच परत द्या. पानावर दोन-तीनच ओळी असलेली गोष्टींची पातळ पुस्तकं, घरी न्यायला देणार असतील तरच. चौकटीच्या वह्या, मोजायच्या काड्या आणि त्या बांधायला रबरं, मापाची भांडी, टेप, आणि अर्थात तराजू. वह्या देताना वर्गातल्या बाईंना विचारा. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, सगळ्या दोनशे पानी एकरेघी. पहिलीच्या पोरानं त्यात काय लिहायचं? एकेकाकडं तीन दप्तरं झाली आणि वर्गात पेन्सिलला टोक काढायला शार्पनर नव्हतं.

देणगीच्या पत्रात एक ओळ घाला: 'हे साहित्य मुलांनी हाताळण्यासाठी दिले आहे. वापरात तुटल्यास वा हरवल्यास आमची तक्रार नाही.' कार्यक्रमात ते मोठ्यानं वाचून दाखवा, शाळा व्यवस्थापन समितीसमोर. मुख्याध्यापकांना तपासणीत दाखवायला कागद राहतो. आमच्या व्यापाऱ्याकडून अशी चिठ्ठी घ्यायचं मला तेव्हा सुचलं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. आमचे मुख्याध्यापक वाईट नव्हते. आधीच्या शाळेत संगणक चोरीला गेला होता आणि त्या चौकशीपायी दोन वर्षं त्यांनी हेलपाटे घातले होते, हे मला फार उशिरा कळलं. किल्ली पट्ट्याला का, ते तेव्हा समजलं. आणि साहित्य विकतच आणावं लागतं असंही नाही. पालघरकडं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी पानं, बिया, दगड घेऊन आदिवासी पोरांना शिकवलं. माझ्या हरभऱ्यांनाही पैसे पडले नव्हते. शिक्षक हौशी नसेल तर तुमचा तराजूही फडक्यातच जाईल, तेव्हा आधी शिक्षकाला भेटा, मग दुकानात जा.

ते ५० ग्रॅमचं वजन माझ्याकडंच आहे. पैसे भरलेले, पावती आहे. तुमच्या गावच्या शाळेनं तराजू घेतला आणि तो कपाटाबाहेर राहणार असेल तर कळवा, पाठवून देते.