मंगळावरील मातीचे परीक्षण

प्रश्न : आम्ही शेतातील मातीचा नमुना काढून परभणीला तपासणीसाठी देतो आणि अहवालाची वाट पाहतो. मंगळावरून तर अजून कोणतेही यान माती घेऊन परतलेले नाही. मग तेथे फिरणाऱ्या रोव्हरला ती कशाची बनली आहे हे कसे कळते? त्या मातीत आपली ज्वारी येईल का?
— एक शेतकरी वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नमुना आणता येत नाही, म्हणून प्रयोगशाळाच तेथे पाठवली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या माथ्यावरील उपकरण सुमारे सात मीटर अंतरापर्यंतच्या दगडावर लेसरचा झोत सोडते. त्या उष्णतेने दगडाच्या सुईच्या टोकाएवढ्या भागाची चमकणारी वाफ होते आणि तिच्या प्रकाशातील रंगांवरून त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे ओळखता येते.

मात्र केवळ मूलद्रव्ये कळून भागत नाही, आणि याचे कारण मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगण्याचीही फारशी गरज नाही. बालाघाटच्या डोंगरातील काळा पाषाण आणि त्याच पाषाणापासून तयार झालेली गोदाकाठची भारी काळी जमीन या दोहोंत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम हीच प्रमुख मूलद्रव्ये आहेत. तरीही पाषाण पावसात तसाच राहतो आणि जमीन मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याने दीर्घकाळ पाषाणावर काम करून त्या मूलद्रव्यांची रचना बदलली आणि स्मेक्टाइट गटातील चिकणमातीची खनिजे तयार झाली, म्हणून हा फरक पडला. मंगळावर शोधायचे आहे ते हेच पाण्याचे काम.

त्यासाठी क्युरिऑसिटीच्या पोटात क्ष-किरणांचे एक उपकरण आहे. बारीक भुकटीतून गेलेले क्ष-किरण खनिजांमधील अणूंच्या मांडणीनुसार ठरावीक कोनांत वळतात, त्यावरून खनिजाची ओळख पटते. ऑक्टोबर २०१२ मध्ये वाऱ्याने साचलेल्या वाळूचे पहिले काही घास रोव्हरने हलवून टाकून दिले, कारण पृथ्वीवरून आलेला अंशही नळ्यांत राहू नये म्हणून त्या वाळूनेच त्या घासून घ्यायच्या होत्या. नंतरच्या घासात फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन ही खनिजे सापडली. ती आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातीतील आहेत. ऑलिव्हिन तर पाण्याच्या सहवासात लवकर झिजते, त्यामुळे या वाळूला पाण्याचा फारसा संपर्क आलेला नव्हता असे म्हणता येते.

आपण नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला सारून खड्डा करतो. रोव्हरलाही तेच करावे लागते, कारण मंगळावरील लाल धूळ सर्वत्र सारखीच पसरलेली असते आणि खालचा दगड झाकून टाकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये एका चिखलाश्मात सुमारे दीड सेंटीमीटर रुंदीचे छिद्र पाडले, तेव्हा आतली भुकटी लाल नव्हे, राखाडी निघाली आणि तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा स्मेक्टाइटचा होता. मला स्वतःला साऱ्या मोहिमेतील हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो: एका प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या त्या गाळात, आपल्या काळ्या रानाला जो गुण आहे तो देणाऱ्याच खनिजगटाची चिकणमाती सापडली. त्याच भुकटीचा काही भाग छोट्या भट्टीत तापवून, बाहेर पडणाऱ्या वायूंचीही तपासणी झाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेले पर्सिव्हिअरन्स रोव्हर याहून पुढे जाऊन खडूच्या तुकड्याएवढे दगडाचे गाभे काढते आणि नळ्यांत बंद करून ठेवते. त्या नळ्या अजून मंगळावरच आहेत.

आता ज्वारीविषयी. मंगळावरील मातीत आपल्या जमिनीसारखा सेंद्रिय कर्ब नाही, तिच्यात नांदणारे जिवाणू आढळलेले नाहीत, आणि परक्लोरेट नावाचे घातक क्षार मात्र आहेत. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे ते धुऊन काढणे तत्त्वतः शक्य आहे. परंतु मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या तुलनेत शंभराव्या भागाहूनही कमी असल्यामुळे उघड्या रानात ओल टिकत नाही, आणि म्हणून तेथे ज्वारी उगवणार नाही.