जिरो दितालिया या इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत आघाडीवरच्या सायकलपटूची जर्सी गुलाबीच का असते?

कारण ही शर्यत एका वर्तमानपत्राने सुरू केली आणि ते गुलाबी कागदावर छापलं जातं: 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त'. प्रतिस्पर्धी 'कोर्रिएरे देल्ला सेरा' अशीच शर्यत आणणार अशी कुणकुण लागताच गाझेत्ताने १९०८ च्या ऑगस्टमध्ये घाईघाईने घोषणा करून टाकली. १३ मे १९०९ ला मिलानहून १२७ जण निघाले. टप्पे फक्त आठ, पण पहिलाच जवळपास ४०० किलोमीटरचा, तोही कच्च्या रस्त्यांवर! शेवटपर्यंत पोचले ४९. तेव्हा वेळेवर नाही, गुणांवर निकाल लागायचा. जिंकला लुइजी गान्ना, मूळचा गवंडी. गुलाबी जर्सी मात्र १९३१ मध्ये आली आणि पहिल्यांदा ती लेआर्को ग्वेर्राच्या अंगावर चढली.

मला या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव विचाराल तर ते विजेत्यांपैकी नाही. १९२४ मध्ये मानधनाच्या वादातून बडे खेळाडू आले नाहीत आणि आल्फोन्सिना स्त्रादा ही बाई पुरुषांच्या बरोबरीने उतरली. एका टप्प्यात हँडल मोडलं, तर तिने झाडूच्या दांड्याचा तुकडा जोडून सायकल पुढे दामटली. वेळमर्यादा हुकल्याने ती अधिकृत निकालातून बाद झाली. तरी आयोजकांनी तिला पुढे चालवू दिलं आणि ती मिलानला पोचली. निघालेले होते ९०, शर्यत पूर्ण करणारे पुरुष ३०.

पुढे बिंदा, कोप्पी आणि मर्क्स यांनी प्रत्येकी पाच वेळा जिरो जिंकली. कोप्पीने १९४० मध्ये पहिल्यांदा जिंकली तेव्हा तो अवघा २० वर्षांचा होता.