बटण दाबताच काचेचा फ्यूज उडतो

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या ६० वॅटच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा मागचा काचेचा फ्यूज बटण दाबताक्षणी उडतो, दर वेळी नाही, चार-पाच वेळांतून एकदा. टोपीवर 'एफ १ अँपिअर, २५० व्होल्ट' असं कोरलंय. दुकानदार ५ अँपिअरचा घाला म्हणतो. घालावा का?

उत्तर : मुळीच घालू नका. एक अँपिअरचा असा फ्यूज दीड अँपिअर किमान तासभर सोसतो. त्याच हिशेबाने ५ अँपिअरचा साडेसात सोसेल, म्हणजे २३० व्होल्टवर १७०० वॅटच्या वर. फ्यूज वितळण्याआधी ट्रान्सफॉर्मर जळेल.

तुमच्या प्रश्नातलं 'चार-पाच वेळांतून एकदा' महत्त्वाचं आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि किती, ते बटण एसी (दिशा सतत बदलणाऱ्या) विजेच्या लाटेच्या कोणत्या टप्प्यावर दाबलं गेलं यावर ठरतं. 'एफ' म्हणजे झटपट उडणारा : दसपट करंटला २० मिलिसेकंदांच्या आत तुटतो. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा. तो हा पहिला धक्का पचवतो, पण शॉर्टला उडतोच. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्स बाजूला, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज येते तिकडे, बहुधा 'टी' असतो. आधीच्या कुणीतरी हाताला लागला तो 'एफ' बसवला असावा.

प्लग काढून होल्डरशेजारची छपाई वाचा. तिथे 'टी १ अँपिअर' असेल तर ५ बाय २० मिलिमीटरचा, २५० व्होल्टचा तोच आणा. गाडीचे काचेचे फ्यूज अनेकदा ३२ व्होल्टचे असतात. मेन्सवर त्यांत तार तुटूनही ठिणगी चालू राहू शकते. छपाई 'एफ'चीच असेल, तर अक्षर बदलण्याआधी आतली तपासणी करून घ्या.

उडालेला फ्यूज उजेडात धरा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर मोठा शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार मधेच वितळलेली असेल तर थोडाच जास्त करंट बराच वेळ वाहिला आहे.

नवा फ्यूज घालून पहिल्यांदा सुरू करताना जाणत्या मेकॅनिककडून सिरीज बोर्डावर (अ‍ॅम्प्लिफायरची वीज ज्यात बल्बमधूनच जाते) १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावून घ्या (एलईडी चालत नाही). आवाज शून्यावर ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीतच राहिला तर बहुधा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), फिल्टर कपॅसिटर (ते डीसी सपाट करणारा) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा) शॉर्ट आहे. मग फ्यूज बदलत बसू नका.

प्रश्न : फ्यूजची तार शाबूत दिसते, तरी सप्लाय येत नाही. असं का?

उत्तर : तार टोपीच्या आत, डाक दिलेल्या जागी तुटते, तिथे ती दिसत नाही. फ्यूज होल्डरमधून बाहेर काढूनच मल्टिमीटरवर तपासा. बीप आली तर फ्यूज शाबूत आहे, मग होल्डरच्या पट्ट्या पाहा. ढिली पट्टी तापते, टोपी काळी पडते, आणि चांगला फ्यूजही विनाकारण जातो. अशी पट्टी चिमटून घट्ट करण्यापेक्षा होल्डरच बदला, कारण तापलेल्या पट्टीचा ताण परत येत नाही.